डावी दाढ

मंगळवारी वीज नसते म्हणून जिनिंग बंद,
जिनिंग बंद म्हणून झिपरीचे दात मंगळवारी.
बाईंच्या कागदावर आठवड्यातून तीनदा लिहिलंय.
माझ्याच्यानं एकदाच होतं.

कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेला,
मास्तरणीचं अक्षर, समास सोडून :
माणसाची पेस्ट नको, ती गिळते, बाधते.
आधी बोट, मग ब्रश.
जबरदस्ती नको. याच्याखाली दोन रेघा.
बदलीचा हुकूम आला तेव्हा म्हणाल्या,
कौतिकताई, चार दिवस सांभाळा,
नवापूरला खोली मिळाली की नेते.
दोन उन्हाळे गेले त्याला,
त्यातला एक सत्तेचाळीसवाला.

पहिल्यांदा बोटाला मलमलची चिंधी गुंडाळून
मी तिचा ओठ वर केला,
तर शिंकली, अन् पलंगाखाली.
दुसऱ्या दिवशीही तेच.
मग कळलं, चिंधीचं काही नाही,
तीस वर्षांची मिश्री मुरलीय या बोटात.
बेसनानं घासलं, राखेनं घासलं,
चिंधी कोंबडीच्या पाण्यात बुडवली
तेव्हा कुठे तिनं जिभेचं टोक काढून
बोट खरं आहे का ते तपासलं.

भिंतीवरून सुपडाबाई डोकावते :
कुत्रीना दात घसी राह्यनी?
येडी व्हई गई का वं कौतिक?
व्हई गऊ, म्हणते मी.

ब्रश लहान लेकराचा, वीस रुपयांचा.
मेडिकलवाला म्हणाला, नातू झाला वाटतं.
मी सुटे पैसे मोजत राहिले.

आ कर, मन्ही माय, आ कर.
पुढचे दात दादरच्या दाण्याएवढे,
सुळ्याच्या मुळाशी पिवळी कड,
हिरडीशी ब्रश तिरपा धरून
हळू, गोल गोल,
जात्याच्या उलट्या अंगानं.
डावीकडची मागची दाढ मात्र
ती लावू देत नाही.
गुरगुरत नाही, नुसती जीभ आडवी घालते.
मीही पारोळ्याच्या डॉक्टरपुढं असंच केलं होतं.
आ करा, म्हणाला. मी तोंड मिटून
पदर सावरत घरी आले.
ती दाढ अजून हलते.

मग निंबाखाली फणी.
कानामागं गाठी, पोटाला कुसळं,
पंजाच्या बेचक्यात गोखरू.
इथं मला कागद लागत नाही.
सरकीपासून रुई सोडवताना
ओढायचं नसतं,
बोटांनी वाट विचारायची असते.
यंत्र नाही विचारत, ते एका दमात उपटतं,
आम्ही बाया खाली बसून कवडी वेचतो.
झिपरीच्या अंगातून निघालेला पुंजका
एकदा पिशवीत घालून नेला मी,
सुपरवायझरला दाखवला, म्हटलं, काय भाव?
त्यानं चिमटीत धरून ताणून बघितला,
धागा आखूड आहे, म्हणाला.

नखं काळी. आत रक्त कुठवर आलंय
दिसत नाही.
एकदा चुकले. एकच थेंब.
हळद दाबून धरली तर
माझ्याकडंच बघत राहिली,
चावली असती तर बरं वाटलं असतं.
तेव्हापासून नुसतं टोक,
नखातलं नखभर.

तिचं आवरलं की ओट्यावर बसून
मी माझी डबी उघडते.
ती नाक उडवून दारात जाऊन बसते.
आठवड्याला संपणारी डबी आता पंधरा दिवस जाते.
सोडली म्हणणार नाही,
खोटं कशाला.

गेल्या महिन्यात नवापूरहून फोन आला.
दात घासता ना, बाईंनी विचारलं.
घासते.
तिन्ही वेळा?
घासते.
मग म्हणाल्या, कौतिकताई, या सुट्टीत मी
आणि तिथंच रेंज गेली.
रेंज गेली की मी बटण दाबलं
ते झिपरीला विचारा.
समोरच बसली होती,
तोंड उघडं टाकून.